मागच्या रांगेपर्यंत

"सन्माननीय सदस्यांचं भाषण संपलं का?" अध्यक्षांनी विचारलं. समोरच्या बाकांवर हशा पिकला.

"नाही, अध्यक्ष महाराज," आमदार म्हणाले आणि पुन्हा थांबले. हेच त्यांचं दुखणं. एक वाक्य बोलायचं आणि गप्प उभं राहायचं.

सवय गिरणीच्या फाटकावरची. तिथे कर्णा लावायला बंदी होती. मग युनियनच्या सभेत ते एक वाक्य बोलत, पुढे उभा असलेला भोंगा ते मागे ओरडून सांगे, त्याच्या मागचा आणखी मागच्याला. शेवटच्या रांगेतून हात वर आला की दुसरं वाक्य. भोंगा म्हणजे शेजारच्या यंत्रावरचा त्यांचा जोडीदार; आवाजावरूनच नाव पडलेलं. पुढे आमदार तीनदा निवडून आले, पण जित्याची खोड! घरीसुद्धा तेच. बायको म्हणे, "अर्धं बोलून गप्प बसता. मला वाटतं, रुसलात की काय!"

इथे सभागृहात तर प्रत्येकासमोर माइक होता. तरी बोललेलं कुणाच्या कानात शिरत नसे. अशा वेळी त्यांना फाटकाची फार आठवण येई. ती धूळ, तो घाम आणि लांबून वर येणारा तो एक हात.

आज कामगारांचा दवाखाना बंद करायचा विषय होता. त्याच दवाखान्यात भोंग्याच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. जीव वाचला, आवाज गेला. आमदार स्वतः त्याच्या घरी जाऊन म्हणाले होते, "नुसता येऊन बस रे. तू दिसलास की मला बोलायला जमतं."

तो आला होता. गळ्याला मफलर गुंडाळून वर प्रेक्षकांच्या सज्जात बसला होता.

"दवाखाना बंद केलात, तर ही माणसं जायची कुठे?" आमदारांनी विचारलं आणि सवयीने वर पाहिलं.

भोंगा उठून मागे वळला होता. तोंड मोठं उघडून, आवाजाशिवाय, तेच वाक्य तो मागच्या रांगांना सांगत होता. मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

घंटा वाजली. "वेळ संपली. सदस्यांनी खाली बसावं."

"जरा थांबा, अध्यक्ष महाराज. मागे अजून पोचायचंय."

पुन्हा हशा. माइकचा दिवा विझला. आमदार वर बघत उभेच राहिले. भोंग्याने रिकाम्या रांगांवरून नजर फिरवली, क्षणभर घुटमळला आणि मग स्वतःच हात वर केला.

आमदारांनी दुसरं वाक्य सुरू केलं.