प्लास्टरच्या आधी

वायरिंगवाल्या बळीरामने खाचा पाडायचं मशीन भिंतीला लावलं आणि खोली विटकरी धुळीने भरून गेली. गुणवंतराव तोंडावर रुमाल धरून उभे होते. दुसऱ्या हातात चिन्मयीने हैदराबादहून पाठवलेला नकाशा होता. नव्या घरात इंटरनेटची वायर कुठून कशी न्यायची, ते लेकीने रंगांनी दाखवलं होतं. परवा प्लास्टर. एकदा भिंती बुजल्या की नवी वायर घालायला त्या फोडाव्याच लागणार होत्या.

जिन्याखाली राउटर, तिथून निळ्या रेषा बैठकीत, स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत, आणि त्यांच्या टोकाला लाल ठिपके. बत्तीस वर्षं आयुध कारखान्यात ड्रॉइंग वाचलेल्या माणसाला यात अवघड असं काही नव्हतं. तरी त्यांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. वरच्या मजल्यावर एकही रेषा नव्हती.

वरची खोली चिन्मयीची होती. घरून काम करता आलं तर सहा महिने जबलपूरला येऊन राहीन, असं ती दोन वर्षांपूर्वी म्हणाली होती. त्या एका वाक्यावर गुणवंतरावांनी मजला चढवला. पूर्वेची खिडकी मोठी घेतली, तिच्या टेबलाची जागासुद्धा ठरवून टाकली.

ते अंगणात गेले आणि त्यांनी फोन लावला. वरचा पॉइंट राहून गेला का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. वर वायरलेस पोचेल थोडंफार, असं ती म्हणाली. स्लॅबमधून सिग्नल नीट जात नाही, हे तिनंच मागे समजावलं होतं. त्यांनी तेवढी आठवण करून दिली.



"बाबा, मी नाही येऊन राहिली," ती म्हणाली. "इथलं सोडून जमणारच नाही मला. म्हणून तर खाली लाल ठिपके दिले ना. ते कॅमेरे आहेत. वायरवरचे, म्हणजे मधेच बंद नाही पडणार. मी इथून आईला बघत जाईन."

"अच्छा," गुणवंतराव म्हणाले. ते ठिपके त्यांना दिव्यांचे वाटले होते.

आत विनताबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मागच्या महिन्यात त्या सदर बाजारात भाजी आणायला गेल्या आणि परतताना ऑटोवाल्याला घराचा पत्ता सांगू शकल्या नाहीत. तेव्हापासून गुणवंतराव त्यांना एकटं सोडत नसत.

झोपायच्या खोलीतला ठिपका विनताबाई झोपणार त्या बाजूच्या भिंतीवर होता. गुणवंतरावांनी खडूने तिथे फुली मारली, पण मशीन लावायला बळीरामला बोलावलं नाही. झोपलेल्या बायकोकडे कुणी सतत पाहत राहणार, हे त्यांच्या मनाला पटेना.

"काय लावून राहिले तिथं?" विनताबाईंनी दारातून विचारलं. त्या कधी उठून आल्या, ते त्यांना कळलं नव्हतं.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण विनताबाईंचा आजचा दिवस बरा होता, आणि असे दिवस आता कमी होत चालले होते. त्यांनी सगळं सांगितलं. चिन्मयी येणार नाही, हेही सांगितलं.

विनताबाईंनी फुलीकडे पाहिलं.

"माझ्यावर नको. तुमच्या बाजूला लावा."

"काहून?"

"मी हरवली तर तुम्ही शोधून आणता. तुम्ही पडलात अन् कोणाला हाक मारायची तेच मला आठवलं नाही, तर?"

 गुणवंतरावांनी तळहाताने फुली पुसली, ती नीट जाईना म्हणून पुन्हा पुसली. मग पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन, आपली उशी येईल त्या जागेच्या जरा वर, नवी फुली काढली आणि बळीरामला बोलावलं.

बळीरामने मशीन उचललं, जागा पाहून घेतली आणि जिन्याकडे बोट केलं.

"और ऊपर, बाबूजी?"

"ऊपर कुछ नहीं," गुणवंतराव म्हणाले.