शिक्षेतली सूट

गोऱ्यांचं राज्य गेल्यावर देशानं स्वतःचं संविधान लागू केलं, त्या दिवशी सरकार दरवर्षी चांगल्या वागणुकीच्या काही कैद्यांना सोडायचं. यंदा त्यात आपला बाप आहे, हे इस्त्रीवालीला तिच्या थोरल्या भावानं आदल्या संध्याकाळी सांगितलं. झेंडावंदनासाठी शाळकरी पोरांचे पांढरे सदरे टेबलावर साठले होते. तिनं हात थांबवला नाही.

भाऊ चाचरत म्हणाला, बायकोची समजूत काढेपर्यंत त्यांना तुझ्याकडे राहू दे. म्हातारे झालेत, आता मान वर करून बोलतसुद्धा नाहीत. बापानं आईला याच खोलीत जिवे मारलं होतं. भाऊ तेव्हा परगावी कामाला होता. ती स्वतः पलंगाखाली लपली होती.

सकाळी रस्त्यावर बँड वाजत असताना बाप एकटाच आला. पार वाळलेला, काखेत पिशवी, खिशाला कुणीतरी कागदी झेंडा टाचलेला. समोर दिसला की अंगावर धावून जाऊ, असं तिला रात्रभर वाटत होतं. प्रत्यक्षात ती दोन पावलं मागे सरली, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिनं दार लावून घेतलं.

त्यानं पाणी मागितलं. तिनं खिडकीतून पेला दिला.

पाणी पिऊन तो म्हणाला, "सरकारनं माफ केलं मला, पोरी."

"ती सरकारची आई नव्हती."

तोवर शेजारपाजारचे जमले. सगळ्यांच्या अंगावर तिनंच इस्त्री केलेले कपडे होते, पण तिच्या बाजूनं कुणी ब्र काढला नाही. समोरची काकू म्हणाली, आजच्या दिवशी तरी जन्मदात्याला असं दारात ताटकळत ठेवू नये. मग दोन दिवस तुम्हीच ठेवून घ्या, असं तिनं म्हणताच काकूला गॅसवरचं दूध आठवलं.

दुपारी भाऊ येऊन बापाला आपल्या घरी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आजपासून मला बहीण नाही." हे मात्र तिला लागलं. आई गेल्यावर त्यानंच तिला लहानाची मोठी केली होती.

दिवेलागणीला वहिनी आली. डोळे सुजलेले, कडेवर पेंगुळलेली मुलगी. नवऱ्यापुढे तिचं काही चाललं नव्हतं.

"ताई, हिला तुमच्याकडे झोपू दे," ती म्हणाली. "रोजच."

तिनं भाचीला कडेवर घेतलं. वहिनी उंबऱ्यातूनच माघारी फिरली. घरी स्वयंपाक व्हायचा होता.