कानपिळीची कॅसेट

"काकू, कापा म्हटलं तर कापतो. पण त्याचा कान हाय की ह्यांच्या हातात. त्यो कुठं ठेवू?"

व्हिडिओ स्टुडिओवाला साद कॉम्प्युटरकडे बोट करून विचारत होता. प्रेरणाची आई हिराबाई, जिला घरात सगळे अव्वा म्हणत, त्याच्या खुर्चीमागे पदर खोचून उभी होती.

"कान ठेव. बाकीचा काप," अव्वा म्हणाली. "माझा पोरगा तेवढा दिसला पायजे."

प्रेरणा बाकावर बसून ऐकत होती. पडद्यावर थांबलेलं लग्न तिचंच होतं. कान होता तिच्या नवऱ्याचा, आणि कानपिळीच्या वेळी तो पिळून हसणारा मुलगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ संगमेश. लग्न फार दिवस टिकलं नाही. मुरगूडचं सासर सोडून ती कसबा बावड्याला अव्वाकडे परतली आणि कॉलेजात फिजिक्स शिकवू लागली. पुढे संगमेश कळंब्याच्या तलावात पोहायला गेला तो गेलाच. त्याचे फोटो होते घरात. पण हलणारा, हसणारा संगमेश फक्त या कॅसेटमध्ये उरला होता.

जेवणं आटोपली की अव्वा रोज ती लावायची. अक्षता, जेवणावळी, लेकीची पाठवणी सगळं पळवायची आणि कानपिळीशी आली की थांबवायची. थोड्या वेळाने व्हीसीआर आपोआप पुढे चालू व्हायचा. मग मागे घेऊन पुन्हा थांबवायची. प्रेरणा शेजारी बसून पेपर तपासायची. स्वतःच्या लग्नातला बँड ऐकून पहिल्या वर्षी तिला उठून आत जावं लागे. आता लाल पेन थांबतही नसे.

अलीकडे चित्रात मुंग्या फार दिसायला लागल्या, म्हणून डिस्क करून घ्यायचं ठरलं. सादने चौकट संगमेशपुरती कापली, तेवढीच पडदाभर मोठी केली आणि डिस्क दिली.

घरी टीव्हीवर लावली. चौकोनच चौकोन. संगमेशच्या तोंडाच्या जागी फरशीचे तुकडे बसवल्यासारखं काहीतरी हलत होतं. खालच्या कोपऱ्यात दोन बोटांत धरलेला कान मात्र ओळखू येत होता.

"ह्यो कोण?" अव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा स्टुडिओत. सादने कॉम्प्युटरवर उतरवलेली अख्खी कॅसेट पुढे-मागे करून दाखवली. अक्षतांचा भाग स्वच्छ होता. पंगतीत वाढलेल्या पोळीवरचं तूपसुद्धा चमकत होतं. कानपिळी आली की एकदम मुंग्या, आडवे पांढरे पट्टे, आणि पाठवणीला पुन्हा सगळं लख्ख.

प्रेरणाला कळलं. कॅसेट थांबवली की फीत थांबते, पण व्हीसीआरमधलं फीत वाचणारं हेड फिरत राहतं. फितीच्या त्याच तुकड्यावर घासत राहतं. जिथे अव्वा थांबत नव्हती तिथे काही बिघडलं नव्हतं. पुसला गेला होता तो संगमेश. त्यात कॉम्प्युटरने मुंग्याही चित्रच समजून डिस्कवर बसवल्या होत्या, आणि त्या गर्दीत चेहऱ्याला जागा उरली नव्हती.

"मॅडम, हे पॉज करून करून..." साद बोलायला लागला.

"तुमच्या मशीनचं हेड खराब असेल," प्रेरणा म्हणाली.

सादने तिच्याकडे पाहिलं, मग अव्वाकडे. "व्हय काकू. आमचंच मशीन गंडलंय."

"मग आधी सांगायला काय झालतं? पोराचं तोंड विस्कटून ठेवलंस माझ्या!"

"चुकलं, काकू."

अव्वा आणखी बराच वेळ बोलत राहिली. साद मान हलवत राहिला.

लग्नाच्या वेळी शूटिंगवाल्याने दोन कॅसेटी दिल्या होत्या. दुसरी मुरगूडला होती. रविवारी प्रेरणा एसटीत बसली. अव्वाला तिने परीक्षेचं काम आहे म्हणून सांगितलं.

सासरे भरमाप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"या पावणं," ते म्हणाले.

पूर्वी ती त्यांना मामा म्हणायची. आता तिने कुठलीच हाक मारली नाही. "लग्नाची कॅसेट हवी होती."

"कशाला? जाळायला?"

"संगू आहे तिच्यात."

भरमाप्पांनी चष्मा काढला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याच्या मातीला आलतो मी. लांब हुबा व्हतो. तुमी बघितलं नसंल."

आतून कॅसेट घेऊन आले, ती वरच्या प्लास्टिकसकट. "एकदाच लावली व्हती. परत कोण बघणार? माघारी आणायचं काम न्हाय. नव्या सूनबाईनं बघितली तर उगच डोक्याला ताप. चा पिऊन जा."

तिने चहा घेतला. साखर जास्त होती, पूर्वीसारखीच.

या वेळी तिने सादला काहीही कापू दिलं नाही. "जसं आहे तसं उतरवा," एवढंच सांगितलं.

संध्याकाळी अव्वाने टीव्हीसमोर बैठक मारली. कानपिळी आली. संगमेशच्या कपाळावरचा घाम दिसत होता, पुढच्या दाताचा उडालेला टवका दिसत होता.

"ह्या मुडद्याला कशाला ठिवलाय?" अव्वा नवऱ्या मुलाकडे बोट करून म्हणाली.

"त्याला कापलं की उरलेलं मोठं करावं लागतं, अव्वा. मोठं केलं की संगूचा चेहरा फुटतो."

"मग असू दे."

संगमेश कुणाकडे बघून हसतोय तेही आता दिसत होतं. चौकटीच्या कडेला, मुंडावळ्या बांधलेली प्रेरणा. तीसुद्धा हसत होती. आपण त्या दिवशी हसलो होतो हे तिला आठवेना. ती आठवायचा प्रयत्न करत राहिली, जसं दुसऱ्या कुणाचं तरी काही आठवावं तसं.

अव्वाने रिमोट उचलला, बटणावर बोट ठेवलं. पण दाबलं नाही.

"थांबवलं तर ह्येबी झिजंल काय गं?"

प्रेरणाने हातातला पेपर खाली ठेवला. अव्वा टीव्हीकडेच बघत होती.

"नाही अव्वा. ह्याला काही होत नाही."

अव्वाने बटण दाबलं. चित्र थांबलं. एक मुंगी नाही, एक रेघ नाही. दोघी बघत बसल्या. बऱ्याच वेळाने पडदा आपोआप काळा झाला आणि त्यावर डिस्क प्लेअरच्या कंपनीचं नाव इकडून तिकडे तरंगू लागलं. अव्वा हलली नाही.

प्रेरणाने तिच्या मांडीवरचा रिमोट घेतला आणि बटण दाबलं. पडद्यावर संगमेश परत आला.