चार बोटांची चूक

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारी ही सायकल आता तुमच्यासाठी फारच ठेंगणी आहे. माझा रंग निळा होता. आता जिथे कुणाचे हात पोचत नाहीत, तेवढ्या सांदीकोपऱ्यांतच तो निळा उरला आहे. सायकलींच्या गोष्टींत वारा असतो, घंटी असते, शर्यत असते. माझ्या गोष्टीत बहुतेक भीतीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायच्या. त्या प्रत्येक सायकलचा ब्रेक करंगळीने दाबून बघायच्या. "लहान मुलांच्या हातात एवढाच जोर असतो," असे त्या शेजारणीला सांगायच्या. मी पहिल्याच दाबाला पास झाले आणि मनातून फुलून गेले. मग मला खोक्यात भरले. जागा वाचावी म्हणून माझे हँडल आणि पुढचे चाक काढले आणि ते चाक ज्यात बसते तो चिमटा मागे फिरवून ठेवला. सगळ्या सायकलींचा तसाच ठेवतात. बसवणाऱ्याने तो पुन्हा पुढे फिरवायचा, इतकेच लक्षात ठेवायचे असते.

मला विकत घेणारे बाबा दुकानांतले वजनकाटे तपासायचे काम करत. त्यांची मुलगी पाच वर्षांची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. बाबांनी तिला भिंतीला टेकवून उभे केले होते, दोन पायांच्या मध्ये पुस्तक धरून पायाची उंची मोजली होती आणि तो आकडा कागदावर लिहून आणला होता.

दुकानदार म्हणाला, "वाढतं अंग आहे साहेब, एक माप मोठीच न्या. दोन-तीन वर्षं बघायला नको."

"आज पाय टेकले पाहिजेत. तीन वर्षांनी टेकून काय उपयोग?" बाबा म्हणाले. त्यांनी खिशातला हुकाचा वजनकाटा काढला आणि दुकानात मांडलेली माझी जुळी बहीण त्यावर टांगली. सहा किलो. ते खूश झाले. बारा किलोची दुसरी एक चकचकीत सायकल त्यांनी सरळ बाजूला सारली. "पोरगी अठरा किलोची. तिने सायकल चालवायची की ओढायची?"

"बसवून देतो, उद्या न्या," दुकानदार म्हणाला.

"छे! पाच स्क्रू तर आहेत."

"पाच की सहा, ते आधी मोज," सोबत आलेली आई म्हणाली. आई हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचे काम करायची, त्यामुळे सायकल या शब्दानेच तिच्या कपाळाला आठी पडायची.

भिंगरी बालवाडीतून बाराला यायची. बाबांनी साडेअकराला खोके उघडले. ती यायच्या आत मला अंगणात उभी करून तिला चकित करायचे होते. माहितीचा कागद त्यांनी उघडला, पण तो खिडकीतल्या वाऱ्याने पलंगाखाली गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी चाक घातले. हँडल समोर धरले. पण चिमटा फिरवलाच नाही. मी वाट पाहत होते, आता फिरवतील, आता फिरवतील. पाना करकरला, स्क्रू घट्ट झाला आणि माझ्या नळ्यांतून थंडगार भीती गेली. माझी मान उलटी बसली होती.

चिमट्याचे पाय खाली किंचित वाकलेले असतात. नीट बसवला तर चाक दोन बोटे पुढे जाते, उलटा बसवला तर दोन बोटे मागे येते. म्हणजे चाक आणि पॅडल यांच्यातली चार बोटांची जागा गेली. त्या जागेत वळताना मुलाचा बूट असतो. पुढचा ब्रेकही पुढे असायला हवा, तो मागे तोंड करून बसला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या काट्यांतला केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाला हे दिसले नाही. आणि मला तोंड नव्हते.

पहिल्याच वळणाला भिंगरीचा बूट चाकाला लागला, हँडल अडकले आणि आम्ही दोघी आडव्या झालो. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी तिची हनुवटी सोलवटली. ती माझ्यावर बसली की तिच्या तळहातांचा घाम माझ्या मुठींना लागायचा. ती मला घाबरत होती, आणि मीही माझीच मला घाबरत होते.

"चाक मला चावतं," ती म्हणाली.

"चाकाला दात असतात होय गं?" बाबा हसले. "पाय आत घे. तोल सांभाळ."

"घेतला तरी चावतं."

"घाबरट कुठली!"

त्या शब्दानंतर तिने चाकाची तक्रार पुन्हा केली नाही. मला मात्र वाटले, माझ्या वाटणीचा दोष या पोरीच्या गळ्यात पडला.

मग बाबांनी ठरवले की रविवारी सकाळी घरासमोरच्या उतारावर न्यायचे. वेग आला की तोल आपोआप सावरतो, असे ते म्हणाले, आणि तेवढे खरेच होते. पण त्या उताराच्या तळाशी डावीकडे वळावेच लागते. न वळणाऱ्यासमोर मोठा रस्ता येतो, आणि त्यावरून सिमेंटचे ट्रक जातात. वळले तर बूट अडकणार, न वळले तर ट्रक. शनिवारभर मी भिंतीला टेकून हाच हिशेब करत होते आणि तो कुठूनही सुटत नव्हता.

रविवारी निघण्यापूर्वी भिंगरीने अंगणात आखायचा खडू घेतला आणि बुटांच्या टोकांना खसाखसा घासला. कुणी विचारले नाही. अंगणात तिने मला एक वळण दिले, थांबली, पाहिले, आणि बाबांनी हाक मारली तशी उताराकडे निघाली.

बाबा सीट धरून धावत होते. "सोडतो हं! सोडलं!"

माझी चाके घरघरू लागली. झाडे मागे पडली. तळाचे वळण मोठे होत आले. समोरून एक ट्रक गुरगुरत गेला. मला वाटले, संपले. तेवढ्यात भिंगरीच्या बोटांनी दोन्ही ब्रेक आवळले. तपासनीस बाईंच्या करंगळीएवढाच जोर, पण तो पुरला. वळणाच्या दहा पावले आधी मी थांबले. तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले.

बाबा धापा टाकत आले. "अगं, छान जमत होतं की! थांबलीस का? वळायचं ना!"

"वळले असते तर चावलं असतं," ती म्हणाली. तिने माझ्या पुढच्या टायरकडे बोट दाखवले. काळ्या रबराच्या कडेवर बोटभर लांब पांढरा पट्टा होता. "हा माझ्या बुटाचा खडू आहे. मी खोटं नाही बोलत."

बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी हँडल हळूच वळवले, तिचा पाय पॅडलवर ठेवला, आणि बूट चाकाला टेकलेला पाहिला. मग चिमट्यावरून हात फिरवला. मागे तोंड केलेल्या ब्रेकपाशी तो हात थांबला. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. समोरून आणखी एक ट्रक गेला.

मागून धावत आलेल्या आईने सगळे पाहिले. टोमणा मारायला तिला जागा होती, पण ती एवढेच म्हणाली, "पाना घेऊन येते."

"भिंगरे," बाबा म्हणाले, "घाबरट तू नव्हतीस. चूक माझी होती. मला खाली वाकून बघायला हवं होतं."

"मग आता बघितलंत ना," ती म्हणाली. पण त्या दिवशी ती पुन्हा माझ्यावर बसली नाही. चार दिवस बसली नाही. पाचव्या दिवशी अंगणातल्या अंगणात तिने एक वळण घेतले, मग आठ, मग मोजणे सोडून दिले.

मित्रांनो, पुढची तीन वर्षे सुखाची गेली. त्यांत सांगण्यासारखे काही नाही. नंतर ती मोठ्या सायकलवर गेली आणि मी जिन्याखाली.

आज मामा आला आहे. त्याच्या पाच वर्षांच्या मुलासाठी मला नेणार आहे. गाडीत मावावी म्हणून माझे हँडल आत्ताच काढले, आणि चिमटा मागे फिरवला. तो थंडपणा पुन्हा माझ्या नळ्यांतून गेला. "घरी गेल्यावर बसवतो, त्यात काय मोठं!" मामा म्हणतो आहे.

नवी सायकल घ्याल तेव्हा वजन बघा, माप बघा, ब्रेक करंगळीने दाबून बघा. पण चांगली सायकलही घाईच्या हाताने वाईट होते. बसवून झाली की खाली वाकून बघा, पुढचा ब्रेक पुढेच आहे ना. आणि जो सर्वांत लहान आहे तो "लागतं" म्हणाला, तर त्याला हसू नका.

भिंगरी दारात उभी आहे. ती आता आठ वर्षांची आहे आणि मामाची वाट अडवून आहे.

"मामा, बसवून झाली की आधी विचारायचं, लागतंय का. कुणा मोठ्याला नाही. त्याला. छोट्याला."

"बरं बाई, विचारतो."

"आणि तो हो म्हणाला तर?"

मामाने हातातले हँडल खाली ठेवले. "तर खाली बसून बघतो."

मग ती बाजूला झाली.