पाठी मोजणारा

रघुनाथराव शिर्क्यांनी शिट्टी खिशात टाकली तेव्हाच ठरवलं होतं, की रतनमहालची ही आपली शेवटची सहल. शिट्टी अवंतीच्या हातात द्यायची, मंडळींना राम राम करायचा आणि संपवायचं.

त्यांची बायको नीरा जाऊन सात महिने झाले होते. डोंगरांचं वेड तिचं. शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि वर्षातून तीन-चार वेळा बडोद्यातली दहा-बारा मराठी माणसं गोळा करून रानात न्यायची. कधी पावागडच्या मागच्या बाजूला, कधी जांबुघोड्याला, आणि मार्चअखेर मोहाची फुलं पडायला लागली की रतनमहालला. तिथे अस्वलं आहेत. अकरा वर्षं ती गेली. झाडांवर नख्यांचे ओरखडे पाहिले, उकरलेली वारुळं पाहिली, अस्वल काही दिसलं नाही. "त्याने माझा अर्ज नामंजूर केलाय," म्हणायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघायची.

ती सगळ्यांच्या पुढे चालायची, रघुनाथराव सगळ्यांच्या मागे. काम एकच, कोणी मागे राहायला नको. बाजव्याजवळच्या एका कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आगीचा भोंगा वाजला की माणसं मैदानात उभी करून मोजायची, हे त्यांच्याकडे असे. तिथला नियम होता, मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही, त्याला फाटकावरचा माणूस मोजतो. ती सवय रानातही आली. थांबा आला की ते समोरच्या पाठी मोजत आणि हळूच सांगत, "अकरा." रानात ओरडायची बंदी, म्हणून आकडा एकाकडून दुसऱ्याकडे पुढे जायचा. नीरापर्यंत पोचला की तिचं उत्तर तसंच मागे यायचं, "आणि शेपूट, बारा." ते 'शेपूट' सगळ्यांच्या तोंडून फिरून येईपर्यंत निम्मी रांग हसत असायची. शिट्टी फक्त कोणी हरवलं तर वाजवायची होती. ती आजवर कधी वाजली नव्हती.

खरं तर या वर्षी ते येणारच नव्हते. पण फत्तेसिंहराव घरी येऊन ठाण मांडून बसले. हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, देहाने आडवे, तोंडाने मोकळे.

"रविवारी सकाळी पाचला सयाजीगंजातून मिनीबस सुटते. तयार राहा."

"मी येऊन काय करू? मला त्यातलं काय कळतं? बुलबुल आणि साळुंकी मला सारखीच."

"मग मला काय कळतं? मी जेवायला येतो."

"फत्तेसिंह, मी तिच्यासाठी यायचो रे."

फत्तेसिंहराव म्हणाले, "अवंती पहिल्यांदाच पुढे चालणार आहे. घाबरलीय पोरगी. मागे तू असलास तर तिला धीर येईल. एवढं कर, मग नको येऊस."

अवंती नीराची विद्यार्थिनी. आता विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होती. तिच्यासाठी म्हणून रघुनाथराव तयार झाले. बसमध्ये चढताना त्यांनी तिला सांगूनही टाकलं, "संध्याकाळी ही शिट्टी तुला देणार आहे."

"अरे काका, एम केम चाले?" ती गुजरातीत म्हणाली. मग मराठीत, "असं कसं चालेल? बघू संध्याकाळी."

देवगड बारियावरून कंजेटाला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. मोहाच्या झाडाखाली जेवणं झाली. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा ही मंडळींची रीत. नीराच्या वाटणीला दशम्या असायच्या. रघुनाथरावांनी बाजारातून अर्धा किलो लीलो चिवडो, बडोद्याचा तो ओलसर चिवडा, आणला होता. फत्तेसिंहरावांच्या बायकोने, शैलाने, तो सगळ्यांना वाढला आणि पहिला घास स्वतः घेतला.

ऊन कलल्यावर चढण सुरू झाली. वनखात्याचा वाटाड्या आणि अवंती पुढे, मागे ओळीने मंडळी, शेवटी रघुनाथराव. त्यांच्यासमोर कौशल्याबाईंची पाठ होती. नीराच्या शाळेतल्या या बाई एकट्याच आल्या होत्या आणि दर वळणावर मागे बघून विचारत होत्या, "आहात ना?" पानं वाळून वाटेवर पडली होती, पाऊल टाकलं की चुरचुरत. रघुनाथराव मधूनमधून थांबून मागे बघत. तीही त्यांची जुनी सवय.

वरच्या सपाटीवर पहिला थांबा झाला. रघुनाथरावांनी वाटाड्या सोडून पाठी मोजल्या. "बारा."

आकडा पुढे गेला. उत्तर आलं, पण ते वेगळंच होतं. अवंती स्वतः रांगेच्या बाजूने घाईघाईने मागे आली. तिच्या हातात नावांचा कागद होता.

"काका, तेरा हवेत. बसमध्ये तेरा होते."

रघुनाथरावांनी पुन्हा मोजलं, बोटाने, एकेका पाठीवर. बारा. आपापलं माणूस बघा, असं कोणीतरी म्हणालं. नवऱ्याने बायको बघितली, बायकोने नवरा. शैलाने फत्तेसिंहरावांचा दंड धरला, "हा एवढा आहे, हा हरवणार नाही." कौशल्याबाईंना दोघीतिघींनी हात लावून पाहिलं. सगळ्यांची माणसं जागेवर होती, आणि तरी एक कमी.

रघुनाथरावांना पुढचं काही ऐकू येईना. अकरा वर्षांत तिच्या मागून एक माणूस गळलं नाही, आणि ती नाही तर पहिल्याच थांब्याला गळलं. ती असती तर काय म्हणाली असती? ते वळले आणि उतरणीला लागले. "काका!" अवंतीने हाक मारली, पण ते थांबले नाहीत. वाटाड्या त्यांच्यामागे धावला.

दोन वळणं खाली गेल्यावर त्यांनी शिट्टी काढली आणि तोंडाला लावली. तेवढ्यात वाटाड्याने त्यांचं मनगट धरलं.

"नहीं, काका. सामे जुओ."

समोर ओढा होता, कोरडा. पलीकडच्या काठावर मोहाचं झाड, आणि झाडाखाली काळं, केसाळ काहीतरी हलत होतं. त्यांना आधी वाटलं म्हैस आहे. मग तिने तोंड वर केलं. तोंड पांढुरकं, लांब. अस्वल. पुन्हा खाली वाकून ते फुलं ओढायला लागलं, आणि गरम चहा फुरकावा तसा आवाज इथवर आला. त्याच्या पाठीवर, केसांत रुतून, दोन पिल्लं बसली होती. एक झोपलेलं. दुसरं मागे तोंड करून, आलेल्या वाटेकडे बघत.

रघुनाथरावांचा हात शिट्टीसकट खाली आला. डोळ्यांत पाणी होतं, पण पुसायला हात हलवायची सोय नव्हती. आनंद वाटायलाही फुरसत नव्हती, कारण आपलं एक माणूस या रानात कुठेतरी एकटं आहे आणि इथे पिल्लांची आई उभी आहे, हे डोक्यातून जात नव्हतं.

मागे पाचोळा वाजला. अवंती येत होती, तिच्यामागे रांग. त्यांनी तळहात मागे करून थांबवलं. एकेक जण पाय न वाजवता येऊन उभा राहिला. शैलाने तोंडावर पदर धरला होता. अस्वलाने चांगली पाचेक मिनिटं फुलं खाल्ली, मग पिल्लांसकट डुलत डुलत कड्याच्या मागे गेलं.

"माणूस सापडलं का?" रघुनाथरावांनी विचारलं.

"सापडलं," अवंती म्हणाली. तिचा चेहरा रडवेला आणि हसरा दोन्ही होता. "तुम्ही गेल्यावर मी नावं वाचली. बारा जणांनी ओ दिली. तेराव्या नावाला कोणी देईना."

"कोण?"

"रघुनाथ शिर्के," फत्तेसिंहराव म्हणाले. "बघ बाबा, कुठे दिसला तर. उंच, टकला, स्वतःला मोजत नाही."

आकडा समजायला रघुनाथरावांना वेळ लागला. तेरावं माणूस मोजायचं काम ज्या तोंडाचं होतं ते तोंड आता नव्हतं, आणि हे इतक्या सरळपणे त्यांना आजच कळत होतं. आपण हरवलोय हे लक्षात यायला कागदावरचं नाव लागलं.

"मला माहीत असायला हवं होतं," अवंती म्हणाली. "बाई म्हणायच्या तसं मी म्हणायला हवं होतं. पण ते त्यांचं होतं, म्हणून माझी जीभ रेटली नाही."

"बरोबर केलंस," रघुनाथराव म्हणाले. "ते तिचंच राहू दे."

परतताना तीच रांग, तोच क्रम. पायथ्याशी, बसच्या अलीकडे शेवटचा थांबा झाला. सूर्य डोंगराला टेकला होता. त्यांनी पाठी मोजल्या, सावकाश. कौशल्याबाईंच्या खांद्याशी वाकून म्हणाले, "बारा." कौशल्याबाईंनी तोंड उघडायच्या आत पुन्हा म्हणाले, "थांबा. बारा, आणि मी. तेरा."

आकडा पुढे गेला. बाराही जणांच्या तोंडून गेला. पुढून अवंतीचं उत्तर आलं, "तेरा. बरोबर."

बसच्या दाराशी अवंती उभी होती. तिने हात पुढे केला नाही, नुसतं त्यांच्याकडे बघितलं. रघुनाथरावांनी खिशावर हात ठेवला. शिट्टी होती तिथे.

"पुढची कधी आहे?"

"पाऊस थांबला की. जांबुघोडा."

ते आत जाऊन शैलाच्या मागच्या बाकावर बसले. बस सुरू झाली, बारियाचे दिवे मागे पडले, तेव्हा पुढे वाकून त्यांनी विचारलं,

"वहिनी, दशम्यांचं पीठ पाण्यात भिजवायचं की दुधात?"

"दुधात हो, भाऊजी! पाण्यात भिजवलीत तर ती नुसती पोळी."

"आणि गूळ?"

"पुढच्या रविवारी या घरी. दाखवते," शैला म्हणाली. "पीठ तुम्ही आणायचं."