भंतेंची थरथर

भंते हुइमिंगांच्या शेवटच्या पत्राला आश्रुबांनी उत्तर दिलंच नव्हतं. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर ते बोधगयेला गेले होते आणि तिथे या चिनी भंतेंकडे कुंचल्याने अक्षर काढायला शिकले. भंते मागून दबकत येत आणि कुंचला उपटून पाहत. पकड ढिली असली की तो सुटे. आश्रुबांचा कधीच सुटला नाही.

घरी परतल्यावर शिकवणी टपालाने चालली. आश्रुबा भंतेंचा कित्ता गिरवून पाठवत, भंते जमलेल्या रेघेवर लाल गोल करून परत धाडत. एकदा कागदभर लाल गोल आले, आणि सोबत ते शेवटचं पत्र: "तुझं अक्षर माझ्यावर ठेवलं तर कडा जुळतात. माझं मला पाठवू नकोस. तुझं पाठव."

तेव्हापासून रद्दीचे गठ्ठे काळे झाले, पण उतरे ते भंतेंचंच अक्षर.

"राख येती म्हनून खिडकी बंद, अन् मानूसबी आत बंद," मालनबाई बायकोच्या हक्काने टोमणा मारत.

सून प्रियदर्शनी मात्र हौसेने शेजारी बसून गिरवी. एका दुपारी तिने विचारलं, "मामा, ह्या शेवटच्या रेघंला हात का म्हनून थरथरवायचा?"

"थरथर?" आश्रुबांनी चष्मा पुसला. तिची रेघ उतरताना थरथरली होती. त्यांचीही. कित्त्यातलीही. भंतेंचा हात म्हातारपणी हलायचा, आणि आश्रुबांनी ती कला समजून घोटली होती. आता ती सुनेच्या धडधाकट हातातही गेली.

"ते शिकायचं न्हाई, पोरी. ते त्यांचं म्हातारपन हाय."

"मग तुमचं कोन्तं?"

आश्रुबांनी नवा कागद घेतला. रेघ पुन्हा थरथरली. अजून एक. तीही. प्रियदर्शनीने मागून कुंचला ओढला. तो हललासुद्धा नाही.

"बाप रे! किती गच्च! सुटला तर पडंल की खाली, त्यात काय?"

त्यांनी बोटं सैल केली. रेघ घसरली, वाकली, मध्येच जाड झाली आणि कागदाच्या कडेला जाऊन थांबली.

"लई वाकडी हाय," ते पुटपुटले.

"हाय. पन थरथरत न्हाई."

संध्याकाळी टपालपेटीच्या तोंडात त्या वाकड्या रेघेचं, भंतेंच्या नावाचं पाकीट अर्धं गेलं, तरी आश्रुबांची बोटं सुटेनात. कोपऱ्यावर प्रियदर्शनी उभी होती. तिने ओढलं नाही, ढकललंही नाही. आत पाकीट पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांना कळलं की हात रिकामा आहे.