हार्कर मिस

प्रेमाक्कांनी आपलं शिलाई मशीन एकटीनंच ओढत खिडकीपासून लांब नेलं. खिडकीखाली प्लग होता आणि तो आता लॅपटॉपना हवा होता.

"मावशी, राहू द्या, मी करते ना!" वल्लरी धावत आली.

"झालं करून," प्रेमाक्का म्हणाल्या आणि स्टूल सरळ करून बसल्या. त्यांना कुणी मावशी म्हणत नसे. अख्खं कॉटनपेट अक्का म्हणे.

कॉटनपेटच्या एका गल्लीतल्या मिशन हॉलमध्ये त्या एकतीस वर्षं शिवण शिकवत होत्या. ख्रिस्ती नव्हत्या, दोन घरं पलीकडच्या भावसार शिंप्यांच्या. एका पास्टरनं कधीतरी विचारलं, मुलींना सुई धरायला शिकवाल का, आणि त्या आल्या त्या आल्याच. पुढे पास्टर बदलले, जुनी मंडळी शहराच्या कडेला हेब्बाळकडे नाहीतर मारतहळ्ळीकडे राहायला गेली. हॉलची किल्ली मात्र प्रेमाक्कांच्या कमरेलाच राहिली.

वल्लरी पुण्याची, मारतहळ्ळीत नोकरीला. आजोबा नगरकडे चर्चचे पाळक होते. हॉलमध्ये यायला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात आताच्या पास्टर प्रभुदासांनी तिला दुसरी किल्ली करून दिली आणि तिनं शनिवारी कॉम्प्युटरचा वर्ग काढला. शिवणाच्या चौदा मुलींतल्या नऊ खिडकीकडे गेल्या. त्या गेल्या याचं प्रेमाक्कांना एवढं लागलं नाही. तिकडे त्या हसायच्या, ते लागलं. प्रेमाक्कांना मुली भ्यायच्या, त्यांचं ऐकायच्या, सणाला पाया पडायच्या. असं खिदळत कधी कुणी त्यांच्याजवळ बसलं नव्हतं.

मग हॉलला एकशे दहा वर्षं होत आल्याचं निघालं. डिसेंबरात समारंभ ठरला, आणि हॉलचा इतिहास लिहायचं काम पास्टरांनी वल्लरीला दिलं.

"जुन्या वह्या सगळ्या वाळवीनं खाल्ल्यात, मावशी." वल्लरीनं कापड बेतायच्या टेबलावर फोन ठेवला. "रेकॉर्ड केलं तर चालेल ना? पास्टर म्हणाले, तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

मग मलाच का नाही विचारलं, हे प्रेमाक्कांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"स्वल्प थांब. हार्कर मिसबद्दल तुला कुणीच सांगितलं नाही?"

"कोण हार्कर मिस?"

ते नाव कुठून आलं, प्रेमाक्कांनाही कळलं नाही. पण वल्लरीचे डोळे असे लकाकले की मागे फिरणं झालं नाही. समारंभात जुनी माणसं येतील. म्हाताऱ्या शांतम्मा तर याच गल्लीत जन्मलेल्या. कुणीतरी उठून म्हणेल, अशी कुणी मिस इथे नव्हतीच. मग बघू हिचं तोंड कसं होतं ते.

बोलायला बसल्यावर मात्र नुसत्या नावावर भागेना. मिसनं काय केलं, कसं केलं, वल्लरी बारीकसारीक विचारत राहिली. प्रेमाक्कांना परदेशातलं काय ठाऊक असणार? जे जवळ होतं तेच त्यांनी देऊन टाकलं. गटाराचं पाणी हॉलमध्ये शिरलं तेव्हा हार्कर मिसनं अकरा मशीनं एकटीनं बाकांवर चढवली. टेबल नव्हतं तेव्हा फरशीवर खडूनं पोलकी बेतली. पंधरा वर्षांच्या एका पोरीचं लग्न ठरलं. लग्नाचं पोलकं शिवायला मिसकडेच आलं. मिस ते शिवायची आणि उसवायची. आज बाही आखूड, उद्या चिकपेटेच्या बाजारात जरीचा काठ मिळेना. पोरीची परीक्षा होईपर्यंत पोलकं काही झालं नाही, आणि तोवर मुलाकडची माणसं कंटाळून गेली.

"बापरे," वल्लरी हळूच म्हणाली. तिनं डोळे पुसले. "किती सुंदर आहे हे, मावशी."

प्रेमाक्कांनी मान खाली घालून खडू उचलला. कुणी त्यांच्या कामाला सुंदर म्हटल्याचं त्यांना आठवेना.

समारंभाला हॉल भरला. वल्लरीनं इतिहास वाचला. इंग्रजीत, मग पास्टरांनी कन्नडमध्ये. पोलक्याची गोष्ट आली तेव्हा बाकांवरच्या बायका पुढे झुकल्या. प्रेमाक्का मागच्या बाकावरून शांतम्मांकडे बघत होत्या. वाचन संपलं आणि काठीचा आवाज झाला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या शांतम्मा उभ्या राहत होत्या.

प्रेमाक्कांनी पदर मुठीत धरला.

"माझी आई त्यांच्याच हाताखाली शिकली," शांतम्मा कन्नडमध्ये म्हणाल्या. "फार माया करायच्या. मी लहान होते, पण त्यांचे ते गोरे हात मला दिसतात अजून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणखी एक म्हातारा उठला. त्याच्या घरी मिसनं दिलेली कात्री होती म्हणे. शेवटी पास्टरांनी जाहीर केलं की आजपासून इथल्या शिवणवर्गाला हार्कर मिसचं नाव. प्रेमाक्का बसल्या जागी जळत होत्या. कुणावर, ते त्यांनाच सांगता आलं नसतं. वल्लरीवर तर नाही. ती स्टेजवरून हात जोडून त्यांचेच आभार मानत होती.

चहाच्या वेळी केकची बशी घेऊन कल्पना जवळ आली. एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आता यशवंतपूरच्या एका दवाखान्यात मोठी नर्स.

"अक्का," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ते पोलकं तर माझं होतं ना?"

चार पावलांवर वल्लरी उभी होती. शांतम्मा तिच्या गालांवरून हात फिरवत होत्या. शेजारी पास्टर हसत होते. नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच होता: मग हे सगळं वल्लरीला सांगितलं कुणी, आणि का?

"तुझं होतंच की," प्रेमाक्का म्हणाल्या. "पण युक्ती हार्कर मिसची. मी ऐकलेली होती."

कल्पना केकचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिली.

"सरी, बरं अक्का. इतकी वर्षं मला वाटत होतं, हे तुम्हालाच सुचलं. लेकीलाही मी तसंच सांगत आलेय." ती थोडी हसली. "आता नीट सांगेन तिला."

"सांग," प्रेमाक्का म्हणाल्या.

तेवढ्यात फोटोसाठी हाक आली. भिंतीवर हार्कर मिसच्या नावाची नवी पाटी लागली होती, तिच्याखाली मुली ओळीनं उभ्या राहिल्या. वल्लरीनं प्रेमाक्कांचा हात धरून त्यांना मधोमध आणून उभं केलं. फोटोवाल्यानं डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला.

"अक्का, तुमच्या डोक्यामागे नाव झाकतंय."

प्रेमाक्का बाजूला सरकल्या.